रंग उडालेल्या दगडाचं सत्य

जुनी वास्तू कृष्णधवल छायाचित्रात अधिक खरी दिसते, असं अनेकांना मनापासून वाटतं. या वाटण्यात सवयीचा वाटा मोठा आहे. ल्यूमिएर बंधूंच्या रंगीत छायाचित्रणाच्या ऑटोक्रोम काचा १९०७ मध्ये बाजारात आल्या. तोवर रंगीत छायाचित्र सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यातच नव्हतं. म्हणून भूतकाळ आपल्या मनात करडा होऊन बसला. वेरूळचं कैलास लेणं घ्या. आठव्या शतकात बेसाल्टचा कडा वरून खाली कोरत हे मंदिर घडवलं, पण कोरून झालं म्हणजे काम संपलं असं नव्हतं. दगडावर गिलावा चढला, गिलाव्यावर रंग. मंडपाच्या छताकडे मान वर करून पाहिलं, तर काळवंडलेल्या गिलाव्यात रंगवलेल्या आकृत्यांचे तुकडे आजही दिसतात. कृष्णधवल चित्रात तेच ओलीचे डाग वाटू शकतात.

यावर कुणी म्हणेल, रंग अनित्य, घाट टिकाऊ. मग टिकणाऱ्याचंच चित्र का काढू नये? आक्षेप वजनदार आहे. तिरप्या उन्हात छिन्नीचा प्रत्येक घाव उठून दिसतो आणि तिथे रंग खरोखरच नजर विचलित करतो. पण घाटही झिजतोच, कोरलेल्या हत्तींच्या सोंडा तुटतातच. नित्य-अनित्याची रेघ दगडाने आखलेली नाही, ती आपण आखतो. रंगीत चित्रही काही निखळ सत्य नव्हे, त्यात त्या वेळचा उजेड मिसळलेला असतो. तरीही जिथे रंगाचा कण शिल्लक आहे तिथे मी रंगच निवडेन, कारण कारागिराने तो विचारपूर्वक लावला होता.