वादळ, विमा आणि जमाअत

मांडवीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याजवळ ज्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या किंवा कर्ज घेऊन लहानसे लॉज बांधले, त्यांना पावसाळ्याआधी एक प्रश्न छळतो. विमा उतरवावा की नाही? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीची छपरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले.

विमा म्हणजे अल्लाहवर अविश्वास, असे आपण सहज बोलून जातो. हा आक्षेप टिकत नाही. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले, ही तिर्मिझीतील हदीस आपणांस ठाऊक आहे.

खरा आक्षेप व्यवहाराच्या स्वरूपावर आहे. दहा वर्षे हप्ते भरले आणि वादळ आले नाही, तर पैसा कंपनीचा. पहिल्याच वर्षी आले, तर एका हप्त्यावर लाखोंची भरपाई. या अनिश्चिततेचीच खरेदी-विक्री होते, म्हणून उलमा तिला गरर म्हणतात. शिवाय जमलेली रक्कम व्याजावर लावली जाते. एकोणिसाव्या शतकात दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन यांनी सागरी विम्याची भरपाई घेणे इस्लामी भूमीत अनुचित ठरवले. १९८५ मध्ये जेद्दाच्या फिक्ह अकादमीने व्यापारी विमा निषिद्ध ठरवला, परस्पर साहाय्यावर उभा असलेला सहकारी विमा मात्र मान्य केला. शेख मुस्तफा झर्का यांच्यासारख्या विद्वानांचे मत याहून वेगळे होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्या देशात तकाफुल कंपनी नाही. आहे ती १ एप्रिल २०२१ पासूनची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी: पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला आग, वादळ, पूर, दंगल यांपासून संरक्षण. दंगलींचा अनुभव पाहून भारतातील काही उलमांनी गरजेपुरती सवलत दिली आहे. बँकेचे कर्ज असेल तर पुष्कळदा निवडीला वावच नसतो. अशा मालकाने आपल्या आलिमांना विचारून गरजेइतकीच पॉलिसी घेतली, तर त्याला दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. (पॉलिसी वादग्रस्त म्हणून भरपाईच्या अर्जात नसलेला एसी दाखवावा, असे मात्र मुळीच नाही. ती सरळ फसवणूक आहे.)

वाचकहो, माझा प्रश्न मालकाला नसून आपल्याला आहे. “हराम आहे, घेऊ नकोस” असे सांगून आपण घरी जातो. त्याचे छप्पर उडाले की कर्ज त्याचे, आणि स्वयंपाकघरातल्या बाईचा पगार बुडतो तोही त्याच्याच दारात. अश्अरी कबिल्याचे लोक अन्न कमी पडले की प्रत्येकाकडचे एका कापडावर जमवून समान वाटून घेत, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले. ज्या जमाअतीने असे कापड कधी अंथरलेच नाही, तिने निषेधाचा फतवा कोणत्या तोंडाने ऐकवावा?

निश्चित भरपाईचे वचन देऊन हप्ते गोळा करणे हा कायद्याने परवान्याचा धंदा आहे. म्हणून निधी तबर्रुचा, म्हणजे निव्वळ देणगीचा असावा. हिशेब दरवर्षी मशिदीत वाचला जावा. एकट्या मांडवी-राजिवड्याचा निधी पुरणार नाही, कारण वादळात सगळ्यांचीच छपरे एका दिवशी उडतात. चिपळूणचा महापूर आला तो जुलै २०२१ मध्ये, तौक्तेनंतर दोन महिन्यांनी. तेव्हा किनारा, चिपळूण आणि आखातातली आपली मुले, असा पसरलेला निधी हवा. प्रारंभी तो अख्खे लॉज उभारून देऊ शकणार नाही. पत्रे आणि कामगारांचा दोन महिन्यांचा पगार एवढे दिले तरी पुष्कळ झाले.