भातकुलीचे आदिनाथ आणि राष्ट्रपतींचा आदेश

वऱ्हाडातल्या भातकुलीच्या दिगंबर जैन मंदिरात आदिनाथांची मूर्ती आहे. जैन परंपरा त्यांना पहिला राजा मानते. शेती, लेखन, शस्त्रविद्या त्यांनीच लोकांना शिकवली, असे सांगते. जीव मात्र त्यांनी दिला, असे ती म्हणत नाही. जीव अनादी, कुणीही न घडवलेला. मग राजाने जे दिलेच नाही, ते हुकूम काढून त्याला काढून घेता येईल का?

आणीबाणीतल्या 27 जून 1975 च्या आदेशाने हा प्रश्न थेट कोर्टात आणला. कलम 359 चा आधार घेऊन राष्ट्रपतींनी समानता, जीवित-स्वातंत्र्य आणि अटकेपासून संरक्षण देणाऱ्या कलम 14, 21 आणि 22 साठी दाद मागण्याचा हक्कच स्थगित केला. मध्य प्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेत गेलेल्या ह. वि. कामतांनी 1949 मध्येच या तरतुदीला कडाडून विरोध केला होता.

वऱ्हाडाचे हायकोर्ट म्हणजे मुंबई हायकोर्टाचे नागपूर खंडपीठ. त्याने आणि इतर काही हायकोर्टांनी ‘मिसा’ कायद्याखाली विनाखटला स्थानबद्ध केलेल्यांसाठी दार उघडे ठेवले. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. वैरापोटी पोलिसाने कुणाला ठार मारले तर, असे न्या. हंसराज खन्नांनी विचारले. आणीबाणी असेपर्यंत इलाज नाही, असे ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी सांगितले. तरीही 28 एप्रिल 1976 रोजी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले. त्यांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते.

खन्ना एकटे उरले. जगण्याचा हक्क कलम 21 मधून जन्मलेला नाही. राज्यघटना नव्हती तेव्हाही कायद्यावाचून कुणाचा जीव घेता येत नव्हता, असे त्यांनी लिहिले. आदिनाथांच्या परंपरेला हे सहज उमगावे. या मताची किंमत त्यांनी मोजली: 1977 मध्ये ज्येष्ठता डावलून त्यांचे सरन्यायाधीशपद हुकवण्यात आले.

दुःख याचे की याच सुप्रीम कोर्टाने आधी उजेड दाखवला होता. 1962 च्या युद्धावेळच्या आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या प्रभाकर संझगिरींनी मुंबईच्या तुरुंगात ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. निव्वळ विज्ञान, तरी हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. तेव्हाही राष्ट्रपतींचा आदेश लागू होताच. पण स्थानबद्धतेच्या नियमांत नसलेले बंधन त्या आदेशाच्या आड लपवता येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने 1965 मध्ये ठणकावले.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 20 आणि 21 आदेशाच्या कक्षेबाहेर नेली. 1976 चा निकाल 2017 मध्ये रद्द ठरवताना मुख्य निकालपत्र लिहिले ते यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी. इतर मूलभूत हक्कांसाठी मात्र कोर्टाचे दार बंद करण्याची सोय कलम 359 मध्ये आजही आहे, आणि त्यावर चर्चा फारशी होत नाही.