पूर्वपक्ष जाणणारी श्रद्धा

धाटावच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी कुंडलिका रोह्यावरून पुढे जाते आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. खाडीच्या दक्षिण तीरावरच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या संकरातून घडलेली बोली बोलणारा कॅथलिक समाज आजही आहे. वाटेवरच्या रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. १९९७ साली त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. आठवल्यांचे गीताचिंतन श्रद्धेतून आले होते, तरी ते तत्त्वविचार म्हणून वाचताना मराठी वाचकाला काही अडचण वाटत नाही. कॅथलिक ईश्वरविद्येच्या प्राध्यापकाचे नाव निघाले की मात्र तोच वाचक ‘म्हणजे पाद्री’ एवढे म्हणून मोकळा होतो. एकाची श्रद्धा दर्शन ठरते आणि दुसऱ्याची प्रचार. हे दुहेरी माप आपल्याच परंपरेच्या कसोटीवर टिकत नाही.

नेहमीचा आक्षेप असा : ज्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे, त्याच्या अभ्यासाला अभ्यास का म्हणावे? या आक्षेपाला सर्वांत नेमके उत्तर पुण्यातच मिळते. रिचर्ड डी स्मेट हे बेल्जियन जेझुइट. शंकराचार्यांची ईश्वरविद्येची पद्धत हा प्रबंधाचा विषय घेऊन त्यांनी १९५३ साली रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि पुढची अनेक दशके पुण्यात अध्यापन केले. त्यांचे प्रतिपादन असे की, शंकराचार्यांना केवळ तर्कावर उभा असलेला तत्त्वज्ञ मानणे चूक आहे. श्रुती हे त्यांच्यासाठी प्रमाण आहे आणि तर्क तिचा अर्थ उलगडण्यासाठी राबतो. म्हणजे ते आधी ईश्वरविद्येचे आचार्य आहेत. हे मान्य केले, तर आक्षेपाची धार आक्षेपकावरच उलटते. प्रमाण आधी स्वीकारल्याने शास्त्र बाद होत असेल, तर ब्रह्मसूत्रभाष्यही बाद होईल. ते होत नसेल, तर कॅथलिक ईश्वरविद्येचा आचार्य थॉमस अक्वायनस यालाही तीच सवलत द्यावी लागेल. तेराव्या शतकातील त्याच्या ‘सुम्मा’त प्रत्येक प्रश्नाला आधी विरोधी मते येतात, मग स्वतःचे मत आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त यांत वाढलेल्या मराठी मनाला ही मांडणी परकी वाटू नये. कॅथलिक ईश्वरविद्येच्या अभ्यासाचा पायाही भरभक्कम असतो : धर्मगुरू होऊ पाहणाऱ्याला निदान दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईश्वरविद्या शिकावी लागते, आणि अध्यापन करायचे असेल तर त्यापुढे संशोधन.

दुसरा संशय धर्मांतराचा : दुसऱ्याचे शास्त्र शिकायचे ते त्यालाच आपल्याकडे ओढायला. वसाहतकाळाचा इतिहास पाहता हा संशय निराधार म्हणता येणार नाही. पण पुण्यातल्या डी स्मेट यांच्या पिढीचे काम पाहिले, तर बदललेला दिसतो तो बहुधा अभ्यासकच. शंकराचार्यांनी ब्रह्माची व्याख्या कशी लावली ते तपासताना डी स्मेट यांना लक्षणेचा विचार अक्वायनसच्या विचाराशी जवळचा दिसला. ब्रह्म म्हणजे व्यक्तित्वशून्य तत्त्व, ही रूढ समजूतच त्यांनी तपासायला घेतली. ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिलेल्या सिस्टर सारा ग्रँट यांनी शंकराचार्यांच्या संबंध-कल्पनेवर संशोधन केले आणि पुढे स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणवले. गी दलरी या फ्रेंच जेझुइटांचा विठोबाच्या उपासनेवरचा ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. केवळ डावपेच म्हणून कोणी समोरच्याच्या प्रश्नात इतके खोल उतरत नाही.

तिसरा आक्षेप मात्र पूर्णपणे परतवता येत नाही. या अभ्यासकाच्या डोक्यावर चर्चची सत्ता असते. लोणावळ्याच्या साधना संस्थेशी नाव जोडले गेलेले अँथनी डिमेलो १९८७ साली गेले; त्यांच्या काही विचारांबद्दल सावध करणारे निवेदन रोमने १९९८ साली काढले. भारतात दीर्घकाळ शिकवलेल्या जाक द्युप्वी यांच्या धर्मबहुलतेवरील ग्रंथावर २००१ साली असेच निवेदन निघाले. ज्या शास्त्रात असे होऊ शकते तिथे स्वातंत्र्याला मर्यादा आहे, हे कबूल केले पाहिजे. पण याच घटना आणखी काही सांगतात : निष्कर्ष खरोखरच आधी ठरलेला असता, तर सावध करायची वेळच आली नसती. सत्तेला दखल घ्यावी लागली, कारण आत विचार चालू होता.

खरी तक्रार करायचीच तर ती भाषेची करावी. थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत ख्रिस्ती विचार मराठीच्या अंगणात आणणारा तो माणूस इंग्रज होता. चार शतकांनंतर पुण्यातले हे विचारधन बहुतेक इंग्रजीत पडून आहे, आणि म्हणून मराठी वाचकाला पाद्री तेवढा दिसतो, प्राध्यापक दिसत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले. तरीही २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी ते अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मगुरू असण्यावर बोट ठेवले. ज्ञानेश्वरी हाती घेताना आपण ज्ञानदेवांना ‘आधी श्रद्धा बाजूला ठेवा, मग बोला’ असे सांगत नाही. त्या श्रद्धेतून विचार किती दूर जातो ते पाहतो. कॅथलिक ईश्वरविद्येसाठी यापेक्षा वेगळे काही मागायचे नाही. तिचे म्हणणे पटावेच असेही नाही. पण आपल्याकडे पूर्वपक्ष नीट समजून घेतल्याशिवाय खंडन करणाऱ्याला कोणी पंडित म्हणत नसे, आणि न वाचताच हात झटकणाऱ्याला तर त्या सभेत जागाच नव्हती.