वेष आणि आपली नजर

माऊली, आषाढीच्या वाटेवर हे दृश्य आपण पुष्कळदा पाहतो. एखादा पुढारी गाडीतून उतरतो, कपाळी बुक्का लावतो, गळ्यात टाळ अडकवतो आणि चार पावले दिंडीबरोबर चालतो. लगेच आपल्या तोंडून निघते, "आपलाच माणूस!" त्याने अजून काहीच केलेले नसते. बोललेला असतो तो फक्त त्याचा वेष, आणि तेवढ्यावर आपली नजर विरघळते.

मग वेष खोटाच मानावा काय? तसेही नाही. 1921 च्या सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी सदरा-टोपी सोडली आणि कमरेला पंचा गुंडाळला. अंगभर खादी घ्यायला गरिबांजवळ पैसा नव्हता, हे त्यांना सलत होते. पुढे 1931 साली लंडनला बादशहाच्या राजवाड्यात ते गेले, तेही पंचा नेसूनच. चर्चिलने हेटाळणी केली, तरी वेष बदलला नाही.

उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोट-टाय घालत. ज्या समाजाला चांगले वस्त्र नेसण्याचीही बंदी होती, त्याचा पुढारी ताठ मानेने, नीटनेटका उभा राहणे हेच एक उत्तर होते. 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले, की ज्या पेहरावावरून जात ओळखू येते तो सोडून द्या.

पाहा, एकाने वस्त्र उतरवले, दुसऱ्याने अंगभर घातले. तरी दोन्ही वेष खरे. कारण साधेपण कापडात नसते आणि अहंकारही कापडात नसतो. वेष कोणासाठी धरला, आणि पाहणारे पांगल्यावर त्यामागे काय उरते, यावर त्याचा खरेखोटेपणा ठरतो.

म्हणून दिंडीत आलेल्या पुढाऱ्याला हिणवू नये. पाहुणा आपल्या घरी आपल्या रीतीने वागला तर त्यात वावगे काय? तो आपला मान समजावा, पण कामाची पावती समजू नये. मुक्कामी प्यायला पाणी मिळाले का, मायबहिणींसाठी शौचालये होती का, चंद्रभागेचे पाणी स्वच्छ राहिले का, हे फेट्याला विचारून कळत नाही. ते एकादशी सरल्यावर, वर्षभर विचारावे लागते.

आणि माऊली, हाच काटा आपल्यालाही लागू आहे. गळ्यातली तुळशीमाळ आणि कपाळीचा गोपीचंदन टिळा, हाही वेषच की! माळ पाहून लोक आपल्यावर विश्वास टाकतात. उधारी देतात, घरात घेतात. तो विश्वास बाजारात मापात पाप करताना मोडला, तर पुढाऱ्याच्या टोपीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोठून उरणार? तुकोबारायांनी नुसत्या वेषधाऱ्यांवर कोरडे ओढले, ते आपल्यातल्या लोकांवरही.

माळेला जागणाऱ्यालाच दुसऱ्याचा वेष पारखता येतो.

रामकृष्णहरी!