देणे लागणे आणि करावे लागणे

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या मुलांस ‘ऑट’ हे क्रियापद फार छळते. त्यास भूतकाळ नाही, भविष्यकाळ नाही, कर्ता बदलला तरी त्याचे रूप बदलत नाही. पश्चिम खानदेशात पांझरेच्या काठी पिंपळनेर म्हणून गाव आहे. तेथे गेलो असता एका शाळकरी मुलाने आम्हांस विचारले, “या शब्दाला काळच का नाही?” प्रश्न व्याकरणाचा होता आणि उत्तरही आम्ही व्याकरणाचेच दिले, परंतु परतताना ध्यानात आले की, या उत्तराच्या पोटात नीतिशास्त्राचा एक जुना वाद दडलेला आहे. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

‘ऑट’ला भूतकाळ नाही, याचे कारण ते स्वतःच एका क्रियापदाचा भूतकाळ आहे. प्राचीन इंग्रजीत ‘आगन’ असे क्रियापद होते. त्याचा अर्थ ‘जवळ असणे, मालकीचे असणे’. आजचे ‘ओन’ म्हणजे स्वतःचे आणि ‘ओ’ म्हणजे देणे लागणे, हे दोन्ही शब्द त्याच कुळातले. ‘माझ्याजवळ आहे’ येथून ‘माझ्याजवळ द्यावयाचे आहे’ येथवर, आणि तेथून ‘मी देणे लागतो’ येथवर अर्थ सरकत गेला. ‘ऑट’ हे या ‘ओ’चे भूतकाळी रूप. शेक्सपिअरच्या काळी ‘ओ’ हे ‘मालकीचे असणे’ या अर्थानेही चाले, आणि ‘अमक्याचे इतके पौंड देणे होते’ हे सांगण्यास ‘ऑट’ चाले. पुढे ऋणाच्या अर्थासाठी ‘ओड’ हे नवे भूतकाळी रूप रूढ झाले आणि ‘ऑट’ केवळ कर्तव्याच्या वाट्यास आले. अधिक मौजेची गोष्ट अशी की, मूळ ‘आगन’ हेही त्याहून जुन्या भाषेतले भूतकाळी रूप असून वर्तमानकाळी झालेले होते. म्हणजे एकाच शब्दकुळात भूतकाळ दोनदा वर्तमान झाला!

हा योगायोग म्हणून सोडून द्यावा, तर ‘शूड’ हा शब्दही आडवा येतो. त्याचे मूळ जे ‘शल’, त्याचाही प्राचीन अर्थ ‘देणे लागणे’ असाच होता. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे कर्जही आणि अपराधही. नीत्शे याने 1887 साली प्रसिद्ध केलेल्या नीतीच्या उत्पत्तीवरील ग्रंथात याच शब्दावर बोट ठेवून, अपराधाची सारी कल्पना सावकार आणि कुळ यांच्या व्यवहारातून निघाली, असे प्रतिपादिले.

आता आपल्या भाषेकडे पाहावे. ‘मी तुमचे शंभर रुपये देणे लागतो’ आणि ‘मला उद्या जावे लागते’ ही दोन्ही वाक्ये आपण रोज बोलतो. क्रियापद एकच! तेच क्रियापद नात्यास लागते: ‘तो माझा मामा लागतो.’ तेच भुकेस, आगीस, वेडास आणि डागास लागते. इंग्रजाचे कर्तव्य ‘जवळ असणे’ यातून निघाले. आमचे ‘चिकटणे’ यातून. बाहेरची वस्तू येऊन अंगास लागावी, तसे ऋण लागते, नाते लागते आणि कर्तव्यही लागते. आमचे दुसरे रूप ‘पाहिजे’. ते ‘पाहणे’ याचे जुने कर्मणी रूप होय. ‘हे केले पाहिजे’ म्हणजे मुळात ‘याची वाट पाहिली जाते’. कोणीतरी तिकडे उभा राहून आपल्याकडे पाहतो आहे, हा भाव त्या शब्दात आहे. या दुसऱ्या शब्दाकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

तर प्रश्न असा: कर्तव्य म्हणजे खरोखर ऋणच काय?

आमची परंपरा ‘होय’ म्हणावयास सिद्ध आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घेऊनच मनुष्य जन्मतो, ही कल्पना तैत्तिरीय संहितेइतकी जुनी. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण घातले. परंतु ही उपमा पूजाघरातून निघून सावकाराच्या ओट्यावर गेली, म्हणजे तिचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य, असे हिंदू धर्मशास्त्राने सांगितले. याज्ञवल्क्याने मद्य, जुगार इत्यादींपायी केलेले कर्ज त्यातून वगळले, हे खरे. तथापि मुंबई इलाख्यात एक काळ असा होता की, बापाने चवली मागे ठेवली नसली तरी पुत्राच्या डोक्यावर कर्ज उभे राही. 1866 च्या कायद्याने ती जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. आणि केवळ ‘पवित्र कर्तव्य’ या आधारावर पुत्रपौत्रांवर दावा चालणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहावयास 2005 साल उजाडावे लागले.

या दीडशे वर्षांत त्या ‘लागतो’ने काय केले, हे खानदेशास सांगावयास नको. सालदाराने आखाजीला साल धरावे, लग्नासाठी वा दुखण्यासाठी उचल घ्यावी, वर्षाअखेर हिशेब व्हावा आणि उचल फिटली नाही म्हणून पुढचे सालही त्याच घरी धरावे! अंगठा उठविणाऱ्यास कागद वाचता येत नसे. पण ‘मी देणे लागतो’ हे तो मनापासून मानी. त्यास बांधून ठेवणारी दोरी कागदाची जितकी, तितकीच त्याच्या स्वतःच्या सचोटीची होती. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. नंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याचे मर्म एवढेच की, न्यायाधीशाने कागदावरचा आकडा वेदवाक्य न मानता व्यवहाराच्या मुळाशी जावे. धुळे जिल्ह्यात तेव्हा मोडत असलेल्या शहाद्याच्या भिल्ल सालदारांनी 1972 च्या सुमारास चळवळ उभारली, आणि 1976 च्या कायद्याने वेठबिगारीतले कर्जच रद्द ठरविले. या सर्वांतून एकच नैतिक सिद्धान्त निघतो: ‘लागतो’ हे उत्तर नव्हे, तो प्रश्न आहे. काय मिळाले होते, म्हणून लागतो?

यावर कोणी म्हणेल, ‘मग कर्तव्यास ऋण म्हणणेच सोडून द्या, ती सावकारांची भाषा आहे.’ हा आक्षेप बलवान आहे. ऋण फेडले की संपते. कर्तव्य संपत नाही. धनको ऋण माफ करू शकतो. खरे बोलण्याचे कर्तव्य आम्हांस कोण माफ करणार? तरीही तो शब्द टाकून देण्यास आमचे मन घेत नाही, आणि त्याचे कारण पुनः पांझरेच्या काठीच सापडते.

या खोऱ्यात शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीस बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड आणि एका फडात एकच पीक. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, आणि वरती शेतकऱ्यांचेच पंच. पाटातला गाळ काढावयाचा तो सर्वांनी मिळून. पाणी कमी असेल तेव्हा एखादा फड कोरडा ठेवीत. पण प्रत्येकाची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत वाटलेली असल्याने तूटही वाटली जाई. विहिरी, पंप आणि मोठी धरणे आल्यावर ही रीत पुष्कळ ठिकाणी मोडली. परंतु तिने शिकविलेली गोष्ट मोडत नाही. तोंडाशी शेत असलेला मनुष्य शेवटच्या शेतकऱ्याचे काय देणे लागतो? त्याच्याकडून याने काहीच घेतलेले नाही. घेतले ते बंधारा बांधणाऱ्यांकडून, आणि ते केव्हाच मरून गेले. त्यांचे ऋण फेडण्यास एकच जागा उरली आहे, ती म्हणजे खालच्या शेताकडे जाणारा पाट.

तीन ऋणांचा खरा अर्थ हाच असावा, असे आम्हांस वाटते. ऋषिऋण फेडावयाचे ते अध्ययनाने, पितृऋण फेडावयाचे ते संततीच्या संगोपनाने. म्हणजे घेतले तेथे नव्हे, पुढे. सावकाराच्या ऋणाचे तोंड मागे असते, कर्तव्यरूपी ऋणाचे पुढे. म्हणून पहिले फिटते आणि दुसरे पिढ्यान्‌पिढ्या वाहते. आणि ज्यास काहीच मिळाले नाही त्याच्याकडून वसूल करू पाहणारे ‘कर्तव्य’ हे ऋणही नव्हे आणि धर्मही नव्हे, हेही यातूनच ठरते.

येथे थांबलो असतो तर लेख नीटस झाला असता. परंतु तो अपुरा झाला असता. फडात ज्याची जमीन, त्याचाच पाण्यात वाटा. पाटाच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या भूमिहीन भिल्लाचा त्या हिशेबात वाटा नव्हता. त्याचे आम्ही काय लागतो? ‘काही घेतले नाही, म्हणून काही नाही,’ हे उत्तर ऋणाच्या तर्कास धरून आहे आणि तरीही ते जिभेवर येत नाही. येथे ‘लागणे’ संपते आणि ‘पाहिजे’ सुरू होते: कोणीतरी आपल्याकडे पाहत उभा आहे, एवढेच त्या कर्तव्याचे कारण. त्यास कागद नाही, अंगठा नाही, पूर्वी काही मिळाल्याचा पुरावाही नाही.

पिंपळनेरच्या त्या मुलास आम्ही सांगितले होते की, ‘ऑट’ला भूतकाळ नाही, कारण तो स्वतःच भूतकाळ आहे. ते उत्तर चूक नव्हते, पण अर्धे होते. आपल्या पुष्कळशा कर्तव्यांचे मूळ मागे, कोणीतरी आपल्यासाठी केलेल्या कष्टांत असते, हे त्याने जरूर ओळखावे. पण काही कर्तव्ये मागून येत नाहीत. ती समोरच उभी असतात. ती कोणत्या खात्यात मांडावयाची, हे ठरेपर्यंत ती खोळंबून राहू नयेत, एवढे आमचे म्हणणे आहे.