कमावलेले शब्द

कठीण इंग्रजी शब्द पाठ करणे म्हणजे पोपटपंची, हे मत आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘सॅट’ परीक्षा याच मताच्या जोरावर सोलली गेली. १९९४मध्ये विरुद्धार्थी शब्द गेले, २००५मध्ये शब्दसंबंधांचे प्रश्न गेले, २०१६मध्ये गाळलेल्या जागाही गेल्या. पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘जीआरई’नेही २०११मध्ये तोच रस्ता धरला; पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाडजूड शब्दयाद्या शोधत फिरणाऱ्या आपल्याकडच्या अभियंत्यांना ही परीक्षा चांगली परिचयाची आहे. दरवेळी या बदलाचे स्वागत झाले ते घोकंपट्टीचा अंत म्हणून. शब्दांबरोबर कोणाची संधी गेली, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

या सुधारणेची सर्वांत नेटकी मांडणी सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचे प्रमुख डेव्हिड कोलमन यांनी मार्च २०१४मध्ये केली. परीक्षेनंतर पुन्हा कधी भेटणार नाहीत असे दुर्मीळ शब्द मुलांनी कशासाठी घोकायचे? त्याऐवजी महाविद्यालयात पदोपदी लागणारे शब्द विचारावेत, आणि तेही उताऱ्यातील वापरावरून. ऐकायला हे निर्विवाद वाटते. पण त्या वेळी नमुना म्हणून जो प्रश्न दाखवला गेला तो पाहावा. शहरांमध्ये रोजगार एकवटत जाण्याविषयीचा उतारा, त्यात ‘इंटेन्स’ हा शब्द, आणि त्याच्या चार छटांपैकी इथे कोणती लागू पडते ते ओळखायचे. भावनिक, एकवटलेला, तेजस्वी की निग्रही? शब्द सोपा आहे, तो सगळ्यांना ‘येतो’. आणि नेमकी इथेच अडचण आहे. चार छटांमधला फरक कोणत्याही यादीत नसतो. तो जेवणाच्या टेबलावर, घरी येणाऱ्या नियतकालिकांत, आईवडिलांच्या बोलण्यात वर्षानुवर्षे कानावर पडून अंगात मुरतो. उलट ‘पंक्टिलिअस’सारखा शब्द, म्हणजे बारीकसारीक शिष्टाचार काटेकोरपणे पाळणारा, बहुतेक कोणाच्याच घरी बोलला जात नाही. तो वकिलाच्या मुलाला जितका परका, तितकाच टॅक्सीचालकाच्या मुलीला. दोघांनाही तो पुस्तकातूनच घ्यावा लागतो, आणि ज्याने घेतला त्याला तो आला. पहिल्याला मी अंगवळणी पडलेला शब्द म्हणेन, दुसऱ्याला कमावलेला. गेल्या दोन-तीन दशकांतील सुधारणांनी परीक्षेतून कमावलेले शब्द काढले आणि अंगवळणी पडलेल्यांवर भर दिला. याला समतेचे नाव मिळाले, हे नवल आहे.

हा केवळ तर्क नाही. सॅटचे प्रश्न तयार करणाऱ्या संस्थेत दीर्घकाळ संशोधन केलेल्या रॉय फ्रीडल यांनी २००३मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’त एक अडचणीचे निरीक्षण मांडले. एकूण सारखेच गुण मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांची तुलना केली, तर भाषेच्या सोप्या प्रश्नांत कृष्णवर्णीय मागे पडत होते आणि कठीण प्रश्नांत किंचित पुढे जात होते. त्यांचे स्पष्टीकरण असे की रोजच्या वापरातले शब्द प्रत्येक समाजात वेगळ्या अर्थछटा घेऊन वावरतात, तर कठीण शब्द शाळा-पुस्तकांतूनच येत असल्याने त्यांचा अर्थ सर्वांसाठी बराचसा एकच राहतो. कॉलेज बोर्डाने हे निष्कर्ष नाकारले; फरक छोटे आहेत आणि पद्धतीवर वाद आहे, हेही खरे. २०१०च्या फेरतपासणीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत या निरीक्षणाला बळ मिळाले, पण सर्व अल्पसंख्य गटांबाबत तसे झाले नाही. म्हणून फ्रीडल यांनी सारे सिद्ध केले असे मी म्हणत नाही. मात्र, कठीण शब्द काढले की वंचितांचा आपोआप फायदा होतो, हे गृहीत धरण्याचा अधिकार त्यांच्यानंतर कोणाला उरत नाही.

संदर्भवादी इथे म्हणतील, की यादीतून आलेला शब्द कच्चाच असतो. खरा शब्द वाचनातून येतो. पूर्वार्ध मान्य. पण उत्तरार्धाची किंमत कोण मोजतो? विल्यम नॅगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात शाळकरी मुलांचे वाचन तपासले, तेव्हा अनोळखी शब्द संदर्भात एकदा भेटल्यावर पदरात पडण्याची शक्यता साधारण विसांत एक निघाली. त्यांनी यातून भरपूर वाचनाचा पुरस्कार केला, आणि लहान मुलांबाबत तो बरोबरच आहे. पण सतराव्या वर्षी, सुटीत दुकानात काम करून परीक्षेला बसणाऱ्या मुलीला ‘भरपूर वाच’ असे सांगणे म्हणजे दहा वर्षांपूर्वी सुरुवात करायला हवी होती असे सांगणे. यादी तिला अर्धाकच्चा का होईना, शब्द देते. पुढे तो वाचनात भेटला की ओळख पटते आणि पक्की होते. पाठांतर आणि वाचन यांत वैर आहे, ही कल्पना ज्यांना पाठांतराची गरज पडली नाही त्यांचीच असावी असा मला संशय आहे.

कठीण शब्दांविरुद्ध ‘रेगाटा’चे उदाहरण हमखास पुढे केले जाते. धावपटूचा मॅरेथॉनशी जो संबंध, तो वल्हेकऱ्याचा कशाशी, या जुन्या प्रश्नाचे ते उत्तर, म्हणजे नौकाशर्यत. आणि श्रीमंतांच्या पक्षपाताचे ते प्रतीकच बनले. प्रश्न वाईटच होता. पण रेगाटा हा पुस्तकी शब्द नव्हेच. तो एका वर्गाच्या सुटीच्या दिवसाचा, अंगवळणी पडलेला शब्द आहे, आणि म्हणून तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. फोनमध्ये शब्दकोश असताना शब्द कशाला, असे विचारणाऱ्यांना वाचताना दर ओळीला थांबून पाहायला सांगावे. आणि अमरकोशाचा दाखला देऊन पाठांतराचे गोडवे गाणाऱ्यांशीही माझे जमत नाही. ती यादी कोणी पाठ करायची हे बहुतांशी जन्मावर ठरत होते.

आता २०२३-२४पासून संगणकावर आलेल्या सॅटमध्ये छोट्या उताऱ्यांतील रिकाम्या जागा परत आल्या आहेत, आणि त्यांबरोबर बरेच वजनदार शब्दही. पण कॉलेज बोर्ड अधिकृत शब्दयादी देत नाही. मग याद्या शिकवणीवाले करतात आणि विकतात. बोर्डाने हजार-दीड हजार शब्दांची यादी स्वतः जाहीर करावी, फुकट, एवढीच माझी मागणी आहे. परीक्षाशास्त्राचे जाणकार यावर गंभीर हरकत घेतील: परीक्षेतला शब्द हा मोठ्या साठ्याचा नमुना असतो, यादी फुटली की गुणांवरून उमेदवाराने आयुष्यात किती वाचले याचा अंदाज बांधता येणार नाही. हरकत बिनचूक आहे. फक्त ‘आयुष्यात किती वाचले’ याच्या जागी ‘कोणत्या घरात वाढला’ असे वाचून पाहावे, आणि यादी जाहीर झाल्यावर नेमके काय मोजायचे राहून जाईल ते सांगावे.