वाटाण्याएवढा गुरु

हल्लीं सुशिक्षित घरांतून मुलाच्या वाढदिवसास लहानशी दुर्बीण आणून देण्याची चाल पडत आहे. चाल स्तुत्य खरी. परंतु आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील परिचित कुटुंबांत आम्ही पाहतों तें असें कीं, चार रात्रींत ती दुर्बीण माळ्यावर जाते. गुरु वाटाण्याएवढा, शनि त्याहून लहान, मंगळ तर नुसता तांबूस ठिपका! "बाबा, हें एवढेंच?" या प्रश्नास वडिलांपाशीं उत्तर नसतें.

यांत अपराध कोणाचा? थोडा दुकानदाराचा. खोक्यावर ५२५ पटींची जाहिरात असते; पण ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण १५० पटींच्या पलीकडे ताणली तर प्रतिमा मोठी होते, स्पष्ट होत नाहीं. पण दुर्बिणीचा अपराध आम्हांस दिसत नाहीं. गुरूचें बिंब सुमारें ४५ विकलांचें असतांना ४० पट वाढविलें कीं तें नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या चंद्राएवढें होतें. मुलास तें लहान वाटतें, कारण १९७९ सालीं व्हॉयेजर यानांनीं जवळ जाऊन घेतलेलीं चित्रें त्यानें आधींच पाहिलेलीं असतात.

यावर कोणी म्हणतात, अपेक्षाच ठेवूं नये, म्हणजे निराशा नाहीं. हा उपदेश ऐकण्यास गोड, परंतु मुलांस देण्याच्या लायकीचा नाहीं. ज्यास कांहींच पाहावयाचें नाहीं, त्यास माळ्यावरची दुर्बीण आणि अंगणांतली दुर्बीण सारखीच. गॅलिलिओची दुर्बीण आजच्या साध्या दुर्बिणीहून निकृष्टच होती. १६१० सालीं त्यास शनि तीन गोळ्यांचा दिसला. १६१२ त बाजूचे दोन्ही गोळे नाहींसे झाले. हें कडें आहे, असा उलगडा हायगेन्सनें १६५९ त प्रसिद्ध केला. गॅलिलिओची अपेक्षा थोडी नव्हती. मात्र तिच्यापुढें कोणी तयार चित्र टांगलेलें नव्हतें. (मार्च २०२५ मध्यें तेंच कडें पुन्हां धारेनें आपल्याकडे वळलें होतें. त्या वर्षीं दुर्बीण घेणाऱ्यांनीं दुकानदारास किती दूषणें दिलीं असतील!)

आमच्या मतें मुलास कमी मागावयास न शिकवितां माप शिकवावें, आणि त्यास आमच्या जिल्ह्यासारखी जागा दुसरी नाहीं. लोणारचें विवर आकाशांतून आलेल्या पिंडाच्या आघातानें काळ्या पाषाणांत झालेलें, सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें. काठावर उभें राहिलें म्हणजे पलीकडचीं झाडें ओळखूं येत नाहींत. हेंच विवर चंद्रावर असतें, तर येथून जेमतेम एक विकला भरलें असतें, आणि आपल्या ७० मिलिमीटरच्या दुर्बिणींतून दिसलेंहि नसतें! उलट, त्या दुर्बिणींत बोराएवढा वाटणारा कोपर्निकस ९३ किलोमीटर रुंद आहे. पन्नास लोणारें ओळीनें मांडलीं तरी त्यांत मावतील.

तेव्हां मुलास आधीं दिवसां लोणारच्या तळाशीं उतरवावें, दमूं द्यावें, आणि त्याच रात्रीं दुर्बीण चंद्राकडे लावावी. तिथि मात्र शुद्ध दशमीच्या आसपासची निवडावी. कोपर्निकसवर तेव्हां ऊन नुकतेंच आलेलें असतें आणि त्याच्या कड्यांच्या सावल्या लांब पडतात.